तांब्याचा पालथा हंडा

नथ्थू पाटलांचे छगन पाटील, छगन पाटलांचा राजेंद्र आणि राजेंद्रचा भावेश. ब्राह्मणपुरीत आमच्या घराची ओळख याच क्रमाने सांगतात, आणि हा क्रम आमच्याकडे केवळ सांगण्यापुरता नाही. आमच्या घरचा मुलगा कुस्तीच्या दंगलीत उतरण्यापूर्वी देव्हाऱ्यासमोर उभा राहतो, कपाळाला चिमूटभर माती लावतो आणि मागच्या तीन पिढ्यांची नावे मोठ्याने घेतो. पणजोबा, आजोबा, बाप, मग स्वतःचे. नावे घेतल्यावाचून लंगोट चढत नाही. हा नियम माझ्या सासऱ्यांनी घातला. त्यांच्या पश्चात तो मोडू न देणे हे माझे काम होते आणि ते मी केले.

वरच्या ओळीतले दुसरे नाव माझ्या यजमानांचे आहे. मी ते लिहिले आहे, उच्चारलेले नाही. लग्नातल्या उखाण्यानंतर ते माझ्या तोंडून बाहेर पडले नव्हते. सासऱ्यांचे नाव घेण्याची मुभा त्यांनी स्वतःच दिली होती. सून नाव घेणार नाही तर नातवंडांना पाठ कोण देणार, असे ते म्हणत. यजमानांच्या नावाला तशी मुभा कोणी दिली नाही आणि मी मागितली नाही. भावेश लहान असताना पाठ घेताना मी पहिले नाव सांगे, तिसरे सांगे आणि मधल्या नावाला भिंतीवरच्या तसबिरीकडे बोट करी. तो टाळ्या पिटून हसे. "मोठी मायले आजलानं नावच येत नही!" म्हणे, आणि मग तेच नाव सगळ्यांत मोठ्या आवाजात घेई.

आता हंड्याविषयी.

आमच्या यात्रेतल्या दंगलीत भांडी लागतात. लहान जोडीला तपेली, मधल्यांना परात, आणि दिवस कलताना शेवटची जोड लागते तिला तांब्याचा हंडा. राजेंद्र माझ्या मांडीवर होता त्या वर्षी शेवटची जोड माझ्या यजमानांची आणि उदेसिंग पावऱ्याची लागली. उदेसिंग तोरणमाळकडचा. घाट उतरून पायी आला होता. आम्ही बायका धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या गच्चीवर, बसून पाहत होतो, कारण बायकांनी आखाड्याजवळ जायचे नाही, असा रिवाज. दोघे भिडले, दोघे एकत्र कोसळले, आणि यजमानांचे डोके कडेच्या दगडावर आदळले. रक्त आले नाही. ते उठले. लोकांनी शिट्या मारल्या. उदेसिंगने त्यांचे मनगट धरलेलेच होते. एक हिसडा दिला असता तर पाठ मातीला लागली असती. तेवढ्यात यजमानांनी त्याला काहीतरी विचारले. उदेसिंगने त्यांच्या डोळ्यांत पाहिले, मनगट सोडले, पंचांना हात जोडले आणि ढोल वाजत असतानाच आखाड्याबाहेर चालू लागला.

ढोल वाजत असताना जो बाहेर जाईल त्याची हार, असा आमच्याकडचा नियम आहे. लोक हसले. "पहाडना मानूस घाबरना रे!" असे ओरडले. हंडा यजमानांच्या खांद्यावर चढला.

आपली कुस्ती कधी लागणार, असे त्यांनी भर कुस्तीत विचारले होते; ते पुढे उदेसिंगकडून कळले: "भो, आपली जोड कवय लागनार शे?"

त्या संध्याकाळी त्यांनी हंड्याकडे पाहून मला विचारले, हे भांडे कोणाचे. वडिलांचे नाव विचारले तर त्यांना ते आठवेना. पुढे कित्येक दिवस ते अंधाऱ्या खोलीत पडून होते. मग उठले, शेत पाहू लागले, पूर्वीसारखे बोलू लागले. ती कुस्ती मात्र त्यांना कधीच आठवली नाही; मी धाब्यावरून पाहिले आणि सांगितले तेवढेच त्यांना ठाऊक होते. "मी जिंकलो नाही, त्याने मला सोडले," असे ते ज्याला त्याला सांगत. लोक त्याला मोठेपणा समजत आणि अधिकच मान देत.

एकदा त्यांनी हंडा बैलगाडीत घालून घाटाच्या पायथ्यापर्यंत नेला आणि तिथून खांद्यावर घेऊन वर गेले. उदेसिंगने तो घेतला नाही. तो म्हणाला, "हंडा काय करू? मी तुले हार दिधी शे, पाटील. तुन्हाकडे हार व्हयी तवय दे. मंग हंडा बी लिसू."

ते हंडा परत घेऊन आले आणि फळीवर पालथा ठेवला. त्यात पाणी भरायचे नाही, असे मला बजावले. एक हार आपल्या घरावर बाकी आहे, ती दिली की उदेसिंग हंडा घेईल, असे ते म्हणत. पुन्हा ते मातीत उतरले नाहीत, त्यामुळे हरण्याची संधी त्यांना मिळाली नाही. राजेंद्र कुस्तीत रमला नाही. बाकी तशीच राहिली. दिवाळीला मी हंडा चिंचेने घासून पुन्हा पालथा ठेवीत असे.

भावेश मात्र आजोबांवर गेला. रतिलाल वस्तादांच्या तालमीत तो दहावीपासून जाऊ लागला आणि गेल्या वर्षी त्याने परात आणली. यंदा माघातल्या यात्रेत शेवटच्या जोडीसाठी त्याचे नाव लागले. समोर धर्मेंद्र पावरा, उदेसिंगचा नातू. गावात दुसरा विषय उरला नाही. चहाच्या टपरीवर म्हातारे जुनी कुस्ती पुन्हा पुन्हा लढू लागले. पपई भरायला आलेले मजूरसुद्धा राजेंद्रला विचारीत, "दादा, हंडाले जोडीदार लई येशात ना?" राजेंद्र मिशीतल्या मिशीत हसे. त्याचा बाप जिंकला होता, असे त्याने लहानपणापासून गावाच्या तोंडून ऐकले होते, आणि बापाच्या तोंडून ऐकलेले त्याने कधी मनावर घेतले नव्हते.

यात्रेच्या आदल्या आठवड्यात, सरावात भावेश डोक्यावर पडला. थोडा वेळ तो हललाच नाही, असे त्याच्या सोबत्यांनी मागाहून सांगितले. वस्तादांनी रिवाजाप्रमाणे केले. डोक्यावर मूठभर माती चोळली, दोन्ही कान ओढले आणि त्याच संध्याकाळी त्याला पुन्हा एकदा लढवले. पडलेल्या मुलाला त्याच दिवशी पुन्हा उतरवले नाही तर भीती बसते, असे आमच्याकडे सगळे मानतात. मातीने पाडले, मातीच उठवील. माझ्या सासऱ्यांच्या वस्तादांनी हेच केले असते. भावेश उठला आणि त्याने समोरच्याला चीत केले.

राजेंद्र उंबऱ्यातूनच सांगत घरात आला. "माय, डोकावर पडना आनि उठीसन लगेच चीत कया! वस्ताद म्हने, हाऊ आजलानाच वान शे."

भावेश त्याच्या मागे उभा होता. त्याने ट्यूबलाइटकडे पाहून डोळे मिटले आणि दिवा बंद करायला सांगितला.

त्या दिवसापासून तो सावलीत बसू लागला. ताटातले अर्धे टाकू लागला. कुकरची शिट्टी झाली तेव्हा आईवर असा ओरडला की अंगणातली शेजारीण आत डोकावली. आमच्या घरात आईवर कोणी ओरडत नाही. मी त्याला समोर बोलावले, तर तो माझ्यासमोर उभा राहून भलतीकडे पाहत होता. दारात कोणी विनोद केला तर सगळ्यांचे हसून झाल्यावर हा हसे. पपईच्या मळ्यात फळांना कागद गुंडाळायला बसवले, तर त्याने गुंडाळलेल्याच फळावर पुन्हा कागद गुंडाळला आणि शेजारचे उघडे तसेच ठेवले. मजूर बाया हसल्या. "पैलवानले दंगलनं सपन पडी ऱ्हायनं!" मी हसले नाही. मला काही वाटलेही नाही. वय झाले की मन आधी काहीच म्हणत नाही. डोळे पाहतात आणि पाहिलेले बाजूला ठेवून देतात.

आशा, माझी सून, त्या रात्रीच्या जेवणानंतर भांडी तशीच टाकून माझ्यासमोर येऊन बसली. ती भांडी कधी तशी टाकत नाही.

"आत्या, माले बोलनं शे."

"बोल."

"शाळामा खेळनारा पोऱ्यासन्या माय-बापले बलायेल व्हतं. शहादाना डॉक्टर उन्हा व्हता. डोकाले मार लागस त्यानं सांगे. आपला भावेशले जे जे व्हई ऱ्हायनं ना, ते समदं त्यानी सांगं."

राजेंद्र पाटावरून वळला. "मी बी व्हतो तठे. असं काही सांगं नही."

"तुम्ही व्हतात. लिंबडाखाले. समदा बाप लिंबडाखाले चहा पी ऱ्हायंतात आनि मझार आम्ही बाया बठेल व्हतूत."

"डॉक्टर लोके घाबराडतस. त्यासनं कामच शे ते."

"तिला बोलू दे, मग तू बोल," असे मी राजेंद्रला म्हणाले नाही. "तू गप्प बस," एवढेच म्हणाले.

आशाने डॉक्टरांचे सांगणे जसेच्या तसे सांगितले. ती वर्गात पाठांतराला पहिली येत असे. डोक्याला मार बसला की हाड मोडतेच असे नाही, रक्त येतेच असे नाही. मेंदू आतल्या आत हादरतो आणि बाहेर काही दिसत नाही. मुलगा शुद्ध हरपला नाही म्हणजे त्याला काही झाले नाही, असेही नाही. उजेड सोसत नाही, आवाज सोसत नाही, ओकारी येते, विसर पडतो, स्वभाव बदलतो. त्या दिवशी पुन्हा खेळवायचे नाही, आणि डॉक्टरांनी पाहून हो म्हणेपर्यंत मातीत उतरवायचे नाही. पहिल्या हादऱ्यातून डोके सावरले नसताना दुसरा बसला तर मुलगा हातचा जाऊ शकतो.

"हातचा जाऊ शकतो," हे तिने पुस्तकी मराठीत म्हटले, अगदी डॉक्टरांसारखे. आम्ही दोघी एकमेकींसमोर बसून होतो, जणू शेजारच्या घरातली गोष्ट ऐकली.

"माय, जोड जाहीर व्हयी गयी शे," राजेंद्र म्हणाला. "भोंगावरतून नाव ली ऱ्हायनात. आते माघार लिधी ते गाव काय म्हनी? नथ्थू पाटीलना घरना पोऱ्या पहाडना पोऱ्याले घाबरना, असं म्हनी. माले बजारमा तोंड दखाडाले जागा ऱ्हानार नही."

"परवा यात्रेच्या सकाळी तो नावे घेईल," मी म्हणाले. "तोवर तो तालमीत जाणार नाही. नावे ऐकून मी ठरवीन."

"आनि डॉक्टर?" आशाने विचारले.

"उद्या ने."

दुसऱ्या दिवशी आशाने त्याला नेण्याची तयारी केली आणि राजेंद्रने गाडी पपई घेऊन नंदुरबारला पाठवली. दोघांपैकी कोणी मला काही सांगितले नाही. आशा पदराला हात पुसत अंगणात उभी राहिली, मग आत गेली. मला ते संध्याकाळी कळले. राजेंद्रला मी जे बोलायचे ते बोलले; ते इथे लिहिण्याचे कारण नाही.

यात्रेच्या सकाळी भावेश स्नान करून देव्हाऱ्यासमोर आला. आशाने वाटीत तालमीतली माती ठेवली होती. त्याने ती कपाळाला लावली. बाहेर भोंगा सुरू झाला होता, पाळणे गरगरत होते, जिलेबीचा वास येत होता. आम्ही सगळे उभे होतो.

"नथ्थू पाटील," भावेश म्हणाला.

मग थांबला. कपाळावरची माती नाकावर ओघळली, ती त्याने पुसली नाही.

"राजेंद्र पाटील. भावेश पाटील."

तो लंगोट घ्यायला वळला.

"थांब रे," राजेंद्र म्हणाला. "आजलानं नाव कथा गयं? तू जेना वान शेस, त्यानंच नाव खाई गया?"

"लिधं ना."

"नही लिधं. परत बोल."

"नथ्थू पाटील," भावेश म्हणाला. "राजेंद्र पाटील."

राजेंद्रचा आवाज चढला. "मस्ती उनी का तुले? एक परात काय आनी..."

मी नेहमीप्रमाणे तसबिरीकडे बोट केले. भावेशने माझ्या बोटाकडे पाहिले, मग तसबिरीकडे. हार घातलेल्या, फेटा बांधलेल्या त्या चेहऱ्याकडे त्याने असे पाहिले, जसे परक्याच्या घरी गेल्यावर आपण त्यांच्या भिंतीवरचे पूर्वज पाहतो. सभ्यपणे. काही ओळख नसताना.

मला ती नजर ठाऊक होती. त्या नजरेने एकदा या घरात हंड्याकडे पाहिले होते.

राजेंद्रने हात उचलला होता.

"हात खाली," मी म्हणाले. "भावेश, लंगोट ठेव. आशा, त्याला आतल्या खोलीत ने, खिडकीला चादर लाव. आज त्याच्याशी कोणी मोठ्याने बोलायचे नाही."

"माय..."

"दंगल होणार नाही."

राजेंद्र पायरीवर बसला. मग सावकाश म्हणाला, "ठीक शे. मी पंचासले सांगस, पोऱ्याले ताप शे. ते बरोबरी लावतीन. नाव बी वाची, पोऱ्या बी वाची."

"त्याला ताप आहे का?"

"नही."

"मग ताप का सांगायचा?"

दिवस कलू लागला तेव्हा मी आशाला हाक मारली आणि फळीवरचा हंडा काढायला सांगितला. तिने स्टुलावर चढून तो उतरवला. राजेंद्रने विचारले, "हाऊ कसाले?" मी म्हणाले, "खांद्यावर घे. तुझ्या बापाने घेतला होता तसा."

आखाड्यापर्यंत मी चालत गेले. माझ्या पुढे जागा होत गेली. लग्न होऊन या गावात आल्यापासून मी तिथे पाऊल ठेवले नव्हते. लाल मातीच्या कडेला येऊन थांबले, आत गेले नाही. रिवाज मोडायचा तर कामापुरता मोडावा. शेवटच्या जोडीची वेळ झाली होती. धर्मेंद्र पावरा अंगाला माती लावून उभा होता. बारीक चणीचा, कानात बाळी, चेहऱ्यावर अजून मिसरूड फुटायचे. त्याच्या मागे काठी टेकून उदेसिंग. फार वाळला होता. मला पाहून त्याने फेटा सारखा केला.

पंच पुढे आले. "फुलवंतामाय, तुम्ही आठे? निरोप धाडता ते आम्हीच येतूत ना."

"भावेश उतरणार नाही," मी म्हणाले. "त्याच्या डोक्याला मार बसला आहे."

पंच जवळ सरकले, आवाज खाली आणला. "काही हरकत नही, माय. तब्येत बरी नही, असं भोंगावर सांगी देतस. बरोबरी. दोन्ही घरनी अब्रू ऱ्हास."

"बरोबरी नको. हार लावा."

"हार? मातीमा न उतरताच? हार कोनी?"

इथे नाव सांगणे भाग होते. आखाड्यात हार आणि जीत घराच्या नावाने लागते. राजेंद्र हंडा घेऊन माझ्या शेजारी उभा होता आणि त्याने माझ्याकडे पाहिले, कारण त्यालाही ठाऊक होते.

"छगन नथ्थू पाटलांच्या घराची," मी म्हणाले. "माझ्या मालकांची. छगन पाटलांची."

मला भोंगा लागत नाही. मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेले. आमच्या वयाच्या बायका दूर धाब्यांवर होत्या, त्यांनी पदर तोंडाशी नेले. नाव घेतल्यावर काहीतरी होईल, असे मला पन्नासेक वर्षे वाटत आले होते. काही झाले नाही. हवेत जिलेबीचा वास होता तसाच होता.

मागून एक पोरगा ओरडला, "पाटीलसना पैलवान घाबरना रे!" आणि हशा पिकला.

"हसा," मी म्हणाले. "त्या वर्षीही तुमचे बाप हसले होते. या माणसाला हसले होते. माझ्या मालकांचे डोके त्या दगडावर आपटले होते, आपली जोड कधी लागणार आहे हे ते भर जोडीत विचारीत होते, आणि सगळ्या गावात फक्त या एका माणसाला ते कळले. त्याने मनगट सोडले म्हणून ते घरी आले. आज सकाळी माझ्या नातवाला आजोबांचे नाव आठवले नाही. तुमच्यापैकी कोणाचे पोर यंदा डोक्यावर पडले असेल आणि त्याच संध्याकाळी पुन्हा उतरवले असेल, तर घरी जाऊन त्याला चार नावे विचारा."

पुढच्या रांगेतल्या एका माणसाने आपल्या मुलाच्या उघड्या खांद्यांवर टॉवेल टाकला आणि त्याला घेऊन गर्दीतून बाहेर पडला. रतिलाल वस्तादांच्या मुठीत माती होती. त्यांनी ती तिथेच सोडली आणि धोतराला हात पुसत राहिले.

उदेसिंग काठी टेकत माझ्याजवळ आला. दोन हातांवर थांबला.

"पाटलीनबाई," तो म्हणाला, "तोंडनी हार ऱ्हास नही. मी ढोल वाजी ऱ्हायंता तवय निंघी गयतू. समदा गावनी दखं."

"मला ठाऊक आहे," मी म्हणाले. "राजेंद्र, उतर."

राजेंद्रला आधी कळले नाही. मग कळले. त्याच्या अंगावर इस्त्रीचा पांढरा सदरा होता, यात्रेसाठी काढलेला. त्याने हंडा माझ्या पायाशी ठेवला. बूट काढले. पुन्हा माझ्याकडे पाहिले, जसे लहानपणी शाळेत जाताना फाटकातून वळून पाहत असे, आणि मी काहीच म्हणत नाही हे पाहून मातीत उतरला.

"ढोल," उदेसिंग म्हणाला.

ढोल वाजू लागला. पन्नाशीचा पुरुष त्या कोवळ्या पोरासमोर उभा राहिला. धर्मेंद्र गोंधळला, त्याने सवयीने हात पुढे केला; राजेंद्रने तो धरला नाही. पंचांना हात जोडले. मग धर्मेंद्रला हात जोडले. मग उदेसिंगला. आणि ढोल वाजत असतानाच पाठ फिरवून आखाड्याबाहेर चालत आला. लोक हसत होते. काही हसत नव्हते. राजेंद्रचा चेहरा कोरा होता. त्यावर राग नव्हता, लाज नव्हती. पाणी ओसरल्यावर तापीचा काठ जसा दिसतो तसा होता. तो सरळ बुटांपाशी आला आणि ते हातात घेऊनच घराकडे निघाला.

पंचांनी धर्मेंद्रचा हात वर केला. यंदाचा नवा हंडा त्याला मिळाला.

मी जुन्या हंड्याकडे बोट केले. उदेसिंगने मान हलवली. "आठे नही. तुन्हा उंबरावरतून लिसू. तठेच तुन्हा मानूस वापस ली गयता."

त्याच संध्याकाळी राजेंद्रने भावेशला शहाद्याला नेले. गाडी त्याने स्वतः चालवली, खड्डे चुकवत, सावकाश. डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला. फोटो स्वच्छ आला. राजेंद्रने सुटकेचा श्वास टाकला तर डॉक्टर म्हणाले, फोटो स्वच्छ आला म्हणजे आत काही झाले नाही असे नव्हे. विश्रांती. अंधार. मोबाइल नाही. कुस्ती पुन्हा कधी, हे आज सांगता येणार नाही, कदाचित नाहीच. नाव आठवेल का, असे राजेंद्रने विचारले. बहुधा, असे डॉक्टर म्हणाले. वेळेवर थांबवलेत, असेही म्हणाले. हे सगळे त्याने घरी येऊन मला उभ्याउभ्या सांगितले. कुठेही अडखळला नाही. मग आतल्या खोलीच्या दाराशी जमिनीवर जाऊन बसला आणि जेवायला उठला नाही. आशाने ताट तिथेच नेऊन ठेवले. बसताना तिने त्याच्याकडे पाहिले नाही, पण बसली त्याच्याच शेजारी.

सकाळी उदेसिंग आला. सोबत धर्मेंद्र. तो नवा हंडा खांद्यावर घेऊन होता आणि अंगणात कुठे ठेवावा हे त्याला कळत नव्हते. मी ओट्यावर होते. आशाने जुना हंडा घासून ठेवला होता. चिंचेचा वास अजून येत होता. तो मी उंबऱ्यावर उलटा नव्हे, उभा ठेवला.

"पोऱ्या कसा शे?" उदेसिंगने विचारले.

"झोपला आहे."

"तुन्हा मानूस बी तसाच झोपे, सांगे माले." तो हंड्याशी वाकला, आत पाहिले. "कोरा शे. पानी नही भरं कवय?"

"कधी नाही."

त्याने बोटाच्या पेराने हंड्यावर टिचकी मारली. तांबे घुमले. आवाज आतल्या खोलीपर्यंत गेला असावा, कारण आतून भावेशचा आवाज आला, झोपेतला, खोल.

"मोठी माय, कोनं भांडं शे?"

राजेंद्र दाराशीच होता. त्याने मान वर केली.

"उदेसिंग पावऱ्यांचं," मी म्हणाले. "तुझ्या आजोबांकडे राहिलं होतं. छगन पाटलांकडे."

उदेसिंगने हंडा उचलला. धर्मेंद्र पुढे झाला तर त्याला बाजूला सारून स्वतःच्याच खांद्यावर चढवला. थोडा डोलला, मग सावरला.

"फिटनं, पाटलीनबाई," तो म्हणाला. "समदं फिटनं."

दोघे आपापला हंडा घेऊन घाटाच्या रस्त्याला लागले. मी आत गेले. फळीवर हंड्याच्या तोंडाचा गोल डाग पडला होता. ओल्या फडक्याने मी तो पुसून काढला.